लायसन आहे, पण वेळ आली तर?

(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषण)



जिल्हा बैठकीत आपण कापसाच्या भावाचे बोलतो, कर्जाचे बोलतो, विजेचे बोलतो. आज ट्रॅक्टर आणि मोटारसायकल चालवायला शिकण्याविषयी बोलायचे म्हटल्यावर काही जणांनी विचारले, हा आंदोलनाचा विषय कधीपासून झाला? आमचे उत्तर असे, की ज्या घरातला कर्ता पोरगा रस्त्यावर गेला त्या घराला कापसाचा भाव क्विंटलमागे हजार रुपयांनी वाढवून मिळाला तरी त्याचा उपयोग नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यातली १५ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातली. हा सरकारी आकडा आहे. एवढी माणसे एखाद्या रोगाने मेली असती तर गावोगाव दवंडी फिरली असती.

४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात मजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या ७ बाया त्यात गेल्या. सकाळी भाकरी बांधून रोजगाराला निघालेल्या बाया. आपल्या जिल्ह्यात सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ ३१ ऑक्टोबर २०२२ ला कोल्हापूरकडून पंढरपूरला चाललेल्या दिंडीत मागून मोटार घुसली आणि ७ वारकरी गेले. कोणाची चूक किती, हे ठरवायला पोलीस आणि कोर्ट आहे. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. गाडी हाताबाहेर जाण्याचा तो एक क्षण येतो तेव्हा काय करायचे, हे आपल्या पोराला कधी कोणी शिकवले आहे का?

कागदावर सगळे आहे

सरकारने नियमच केले नाहीत असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातल्या १५ व्या नियमात पक्क्या लायसनच्या परीक्षेला काय काय करून दाखवायचे त्याची लांबलचक यादी आहे. चढावर गाडी थांबवून ती मागे न सरकू देता पुन्हा काढणे. उतारावर चटकन खालचा गिअर टाकणे. रस्त्यावरचा पायी माणूस, सायकलवाला पुढच्या क्षणी काय करील याचा आधी अंदाज घेणे. आणि अचानक प्रसंग आला तर गाडी थांबवून दाखवणे. हे सगळे त्यात शब्दाशब्दाने लिहिले आहे.

३१ वा नियम ड्रायव्हिंग स्कूलसाठी आहे. खासगी वाहनाचे शिक्षण किमान २१ दिवस आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान १० तास, असे तो सांगतो. अभ्यासक्रमात प्रथमोपचारसुद्धा आहे. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आली. तिच्यात हलक्या वाहनासाठी ४ आठवडे आणि २९ तास सांगितले आहेत.

आता या सभेत बसलेल्यांनी आपापल्या मनाशी आठवावे. आपली परीक्षा कशी झाली? मोटारसायकलवाल्याने मैदानावर आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, पास. मोटारवाल्याने थोडे पुढे नेले, थोडे मागे घेतले, पास. बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा. ताशी ४० च्या वेगात असताना साहेबांनी 'थांबव' म्हटले आणि गाडी किती फुटांत थांबली ते मोजले, असे किती जणांच्या बाबतीत घडले? ट्रॉली भरून उतारावर किती जणांना पाठवले? प्रथमोपचाराचा तास किती जणांनी पाहिला?

आम्ही शेतीशास्त्र शिकलो. त्या शास्त्राची परीक्षा कशी असते ते पाहा. मालदांडी ३५-१ ही ज्वारी आपल्या मोहोळची. तिच्यानंतर किती वाण आले आणि गेले, तरी आपण ती पेरतो. का? पाऊसकाळ चांगला झाला तर कोणतीही ज्वारी पिकते. हस्ताचा पाऊस चुकला, जमीन भेगाळली, तरी जी दाणा आणि कडबा देते ती खरी. कोरडवाहू वाणाची परख वाईट वर्षात होते. ड्रायव्हरची परख मात्र आपण मोकळ्या मैदानात, उजेडात, रिकाम्या गाडीवर, साहेब शेजारी उभे असताना करतो. म्हणजे पाऊसकाळ चांगला असताना वाण तपासला आणि त्याला दुष्काळी म्हणून शिक्का मारला.

एका गाडीचे शिक्षण दुसरीला चालत नाही

कायद्याच्या लेखी ट्रॅक्टर हे हलके वाहन आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाचे लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहतुकीचे वाहनही चालवू शकतो. हा निकाल चांगला झाला. 'लायसन चुकीच्या वर्गाचे' म्हणून विमा कंपन्या हात झटकत होत्या, त्याला आळा बसला आणि टेम्पो-पिकअपवाल्या गरीब पोरांचे पोट वाचले. पण कोर्टाने लायसनचा अर्थ सांगितला, गाडीचा स्वभाव बदलला नाही.

मोटारीला चारही चाकांवर ब्रेक असतो. आपल्या साध्या ट्रॅक्टरला तो मागच्या दोन चाकांवर. ट्रॉलीला बहुधा नसतोच. मोटारीला ब्रेकचे एक पेडल, ट्रॅक्टरला डावे-उजवे वेगळे. शेतात वळताना एक ब्रेक दाबून वळायची सोय आहे ती. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले पट्टीने जोडून घ्यायची असतात. जोडली नाहीत आणि वेगात असताना घाबरून एकावरच पाय पडला तर ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन फिरतो आणि उलटतो. हे मोटारीवर शिकलेल्याला कोण सांगणार?

घाबरला की माणसाचा पाय सवयीच्या जागी जातो, विचाराच्या जागी नाही. ९ डिसेंबर २०२४ ला मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या ताफ्यातली विजेवरची बस गर्दीत घुसली आणि किमान ७ माणसे गेली. चालक नवशिका नव्हता. पण त्याची जुनी सवय क्लच-गिअरच्या बसची होती आणि नव्या बसचे शिक्षण थोडक्या दिवसांत उरकले, अशा बातम्या आल्या. त्या प्रकरणाचा निवाडा कोर्ट करील. पण नव्या यंत्रावर बसवण्याआधी किती शिकवायचे, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्या राज्यापुढे आला. मुंबईच्या बसला जो प्रश्न, तोच आपल्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला.

आपल्याकडचे चार प्रसंग

पहिला प्रसंग उताराचा. ओढ्याकडे उतरणारा रस्ता आहे, ट्रॉलीत कापूस, ऊस किंवा वाळू आहे. डिझेल वाचावे म्हणून पोरगा न्यूट्रल करतो. मागचा बोजा ट्रॅक्टरला ढकलू लागतो. ब्रेक मारला की ट्रॉली तिरकी होऊन ट्रॅक्टरला आडवे करते. अशा वेळी करण्यासारखे फार थोडे उरते. जे करायचे ते उतार सुरू होण्याआधी : ज्या गिअरमध्ये हा चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे आणि अर्ध्या उतारावर क्लच दाबायचा नाही.

दुसरा प्रसंग काळ्या रानात रुतल्याचा. चाक रुतले, साखळी आणली, ती ड्रॉबारच्या वर कुठेतरी बांधली, रेस दिली आणि क्लच एकदम सोडला. मागची चाके जागची हलत नाहीत, मग ट्रॅक्टरचे नाकच वर उठते. पुढची चाके उचलली असे कळेपर्यंत वेळ संपलेली असते. सेकंद-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकावर पडतो. यावर चपळाईचा उपाय नाही. ओढायचे ते ड्रॉबारलाच बांधून, क्लच हळू सोडून, आणि शक्य तिथे मागे घेऊन बाहेर काढायचे. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून मरणारे चालक जवळजवळ संपले. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरवर आजही छत्री असते, चौकट नसते.

तिसरा प्रसंग अंधाराचा. वेगाचा हिशेब बांधावर बसून करता येतो. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० ला त्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ताशी ८० ला २२ मीटर. त्यापुढे ब्रेक. कोरड्या डांबरावर, चांगल्या ब्रेकने, ४० ला सगळे मिळून साधारण २० मीटर लागतात आणि ८० ला ५७. वेग दुप्पट, पण अंतर जवळजवळ तिप्पट. डिपरचा उजेड एवढा लांब स्वच्छ दाखवत नाही. म्हणजे ८० ने जाणारा माणूस उजेडाच्या पुढे गाडी चालवत असतो. त्याला आपली रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसते तेव्हा सगळे होऊन गेलेले असते.

इथे एक गोष्ट स्वतःलाच सांगायची आहे. ट्रॉली पंक्चर झाली की आपण मागे चार दगड मांडतो. काम झाले की ट्रॅक्टर घेऊन जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री मोटारसायकलवर येणारा कुणाचा तरी पोरगा त्या दगडांवर जातो. चौपदरी रस्ता झाल्यापासून पलीकडच्या रानात जायला लांबचा वळसा पडतो, म्हणून आपण उलट्या बाजूने ट्रॅक्टर घालतो. आपला वेग २०, समोरच्याचा १००. दोघे एकमेकांकडे सेकंदाला ३३ मीटरने येत असतात. वळसा लांब ठेवणाऱ्या रस्तेवाल्यांशी आपण भांडूच. पण भांडण मिटेपर्यंत जीव पणाला लावायचा नाही.

चौथा प्रसंग पाण्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने काय केले ते माढा, मोहोळ, करमाळ्याच्या लोकांना सांगायला नको. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना 'एवढेसे तर आहे' म्हणून गाडी घालणारे दर पावसाळ्यात निघतात. दोन फूट वाहते पाणी मोटारीला उचलून नेते. इथे कौशल्य एकच आहे, अलीकडे थांबणे.

शिक्षणाचा उलटा परिणामही होतो

कोणी म्हणेल, मग पोरांना गाडी घसरवून सावरायला शिकवा, सर्कशीसारखे तयार करा. नॉर्वे देशाने असेच केले होते. तिथे बर्फाचे रस्ते, म्हणून नव्या चालकांना घसरत्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले. १९८० च्या दशकात त्याचा हिशेब तपासला, तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले निघाले. 'आपल्याला येते' म्हणून पोरे जास्त वेगाने जाऊ लागली होती.

यातून आम्ही घेतलेला धडा असा. प्रसंग आल्यावर काय करायचे ते शिकवायचेच, पण असे शिकवायचे की पोराला आपली आणि गाडीची मर्यादा कळावी. भरलेली ट्रॉली ठरवलेल्या खुणेवर थांबत नाही, हे त्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की तो वेग आपोआप कमी करतो. उपदेशाने हे होत नाही.

थोडक्या गोष्टी मात्र हाताला आणि पायाला पाठ पाहिजेत. टायर फुटला तर जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचे, रेस सोडायची आणि गाडीला हळू होऊ द्यायचे. ब्रेक लागेना तर पेडल भरभर दाबून पाहायचे, एकेक गिअर खाली आणायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा आणि मऊ मातीकडे किंवा चढाकडे गाडी घ्यायची. चालत्या मोटारीची चावी काढायची नाही, स्टिअरिंग अडकते. रेस अडकली तर क्लच दाबायचा. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस आहे. त्याचा ब्रेक सोड-दाब करायचा नाही, दाबून धरायचा. समोरच्याचा अप्पर डोळ्यांवर आला तर त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचे.

आणि अपघात झालाच तर? पळायचे नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवणे ही चालकाची कायद्याने जबाबदारी आहे. १०८ ला फोन करायचा आणि 'अमक्या हॉटेलच्या पुढे' असे न सांगता रस्त्याचे नाव, किलोमीटरचा दगड आणि जवळचे गाव सांगायचे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरायचे, पुन्हा पुन्हा उचलून पाहायचे नाही. मदत करणाऱ्याला पोलिसांचे लचांड मागे लागेल ही भीती आता धरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ कलम आले आहे आणि मदत करणाऱ्याला त्याचे संरक्षण आहे.

जमिनीपर्यंत येणारा धोका

हा विषय घरच्या हिशेबाचाही आहे. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो. ट्रॉलीत बसवलेल्या माणसांचा तो नसतो. अपघात झाला की विमा कंपनी हेच बोट दाखवते. कधी कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावते, पण ते मालकाकडून वसूल करायची मोकळीकही देते. मालक म्हणजे कोण? पाच-सात एकर कोरडवाहू आणि ट्रॅक्टरचे कर्ज डोक्यावर असलेला आपल्यातलाच माणूस. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती गाडी दिली तर २०१९ पासून पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एका क्षणात मजुराचे घर उठते आणि मालकाचेही.

मग करायचे काय?

सरकारकडे आणखी एक दाखला मागा असे आम्ही म्हणणार नाही. दाखला वाढला की एजंटाचा दर वाढतो, शिक्षण वाढत नाही. शिक्षण आपल्या रानात होऊ शकते. रब्बीची ज्वारी निघाली की फाल्गुन-चैत्रात एकरच्या एकर रान मोकळे पडते. असे मैदान शहरातल्या कोणत्या ड्रायव्हिंग स्कूलकडे आहे?

प्रत्येक गावशाखेने उन्हाळ्यात एक दिवस धरावा. गावातल्या जुन्या, सावध ड्रायव्हरला गुरू करावे. आधी रिकामी ट्रॉली, मग भरलेली. चुन्याची रेघ मारावी, तिथे ब्रेक मारायला लावावा आणि थांबल्याची जागा पावलांनी मोजावी. १० च्या वेगात, मग १५, मग २०. माणसे लांब उभी करावीत, ट्रॉलीत कोणालाही बसवू नये. पेडल जोडायची पट्टी, ट्रॉलीची पिन आणि रिफ्लेक्टर एकेक ट्रॅक्टरचे तपासावे. दुपारी आरोग्य केंद्रातल्या माणसाला बोलावून रक्त थांबवायला शिकावे. घरातल्या मुली-सुनांनीही यावे. स्कूटी त्या चालवतात आणि अपघातानंतर पहिला फोन बहुधा त्यांनाच येतो. शिवारात रस्त्याकडेला कठडा नसलेल्या विहिरी किती, त्यांची यादी त्याच दिवशी करावी आणि निदान दगडांचा बांध तरी घालावा.

बाहेरच्यांकडून मागायचे ते थोडके आणि नेमके. एक, तालुक्याच्या कॅम्पमध्ये १५ व्या नियमातली अचानक थांबण्याची परीक्षा खरोखर घ्यावी आणि ज्याला ट्रॅक्टर चालवायचा आहे त्याची ट्रॅक्टर-ट्रॉलीवर घ्यावी. नियम आहे, तो वापरा, एवढेच म्हणणे. दोन, ट्रॅक्टर विकताना दुकानदाराने गावात येऊन दिवसभर शिकवावे आणि चौकटीची किंमत दरपत्रकात वेगळी दाखवावी. घ्यायची की नाही ते शेतकरी ठरवील. तीन, कारखान्यांनी गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर आहे का ते पाहावे. चार, शेतीयंत्रांचे शिक्षण देणाऱ्या केंद्र सरकारच्या चार संस्था बुधनी, हिसार, गार्लादिन्ने आणि विश्वनाथ चारियाली इथे आहेत. त्यातली एकही महाराष्ट्रात नाही. कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून ज्या सोलापुरात चालते, तिथे अशी संस्था का असू नये?

हे चार मुद्दे आजच्या ठरावात घालावेत अशी आमची सूचना आहे. पण ठरावाची वाट बघत बसू नका. घरी गेल्यावर दारातल्या ट्रॅक्टरच्या ब्रेकची पट्टी जोडलेली आहे का ते आजच पाहा. आणि उद्या सकाळी कामाला निघालेल्या बाया ट्रॉलीत चढू लागल्या, तर आधी पोराला विचारा, 'उताराला कोणता गिअर लावशील?' त्याला उत्तर आले तरी ट्रॉली मजुरांसाठी नाही. उत्तर आले नाही, तर त्या दिवशी ट्रॅक्टर दारातच राहू द्या.

जय किसान.